पूर्ण तिकिटाची माणसं

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या गिरणीच्या भिंतीला कान लावून बसला होता. मांडीवर गिटार, डोळे मिटलेले. आत आप्पा कुणाचं तरी ज्वारीचं दळण टाकत होते आणि मी त्यांचा डबा घेऊन आले होते. म्हटलं, "काय पाहिजे?" तर ह्या बाबानं डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. आमच्याच गिरणीवर मलाच गप्प बसवतोय! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं गिटारीची एक खुंटी पिळली, तार छेडली, परत पिळली, आणि परीक्षेत पास झाल्यागत हसला.

"जमली," म्हणाला. "तुमच्या मोटरीचा सूर लय पक्का हाय. फकस्त लाइट गेली का माझी पंचाईत होते."

आप्पांनी आतून विचारलं, "दळण कुठंय ह्याचं?" मी म्हटलं, "दळण नाही, डोकंच दळायला आणलंय." त्यावर तोच सगळ्यात मोठ्यानं हसला.

नंतर रोजचंच झालं. सकाळी तीन फेजची लाइट आली, गिरणी सुरू झाली, की हा हजर. सूर लावून द्यायचा आणि जायचा. दळायला आलेल्या बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. आप्पांना मात्र तो डोळ्यासमोर नको असायचा. पण त्याला हाकलायची सोय नव्हती, कारण तो भाचा होता.

हे जरा सांगायला पाहिजे. आमच्या चाकूरकडच्या गावात भाच्याचा मान फार. मामा वयानं कितीही मोठा असू दे, भाच्याच्या पाया पडतो. भाचा दारात आला तर रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही, आणि त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एकाचा भाचा तो सगळ्या गावाचा भाचा. हा मूळचा इस्लापूरकडचा, सहस्रकुंडाचा धबधबा ऐकत वाढलेला. लातूरला बी.ए.ला नाव घातलं आणि राहायला मामाकडं आला. त्याचं खरं नाव गावात दोघांना माहीत असेल नसेल. लहानथोर सगळे त्याला भाचाच म्हणायचे. आणि हा लबाड माणूस त्या मानाचा पुरेपूर वापर करायचा. कुणाच्या घरी रंगाचा उरलेला डबा दिसला की दारात जाऊन उभा. "मामी, भाचा आलाय." झालं! मामीनं कपाळाला हात लावायचा आणि डबा काढून द्यायचा.

कॉलेजला जायचा तो दुधाच्या टेम्पोतून, कॅनच्या मध्ये बसून. मनात आलं तर. हजेरीचं नाव काढलं की त्याला हसू यायचं.

गिटारीला पाचच तारा होत्या. सहावी तुटली ती त्यानं परत बसवलीच नाही. म्हणायचा, "बिचारी थकली आसंल." पण वाजवायचा काय! शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला जाऊन बसायचा आणि टाळकऱ्यांच्या मागनं हळूच साथ धरायचा. जयंतीच्या दिवसांत बौद्धवाड्यात ढोलकीबरोबर वाजवायचा, तेव्हा तर पोरं त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवायची. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो वाजवायला लागला की हातातलं काम राहून जायचं, एवढं खरं.

आणि ब्लॉग! मी त्याला म्हटलं होतं, "अरे, आता ब्लॉग कोण वाचतंय? रील कर." तर म्हणे, "रील बघाला आंगठा लागते, ब्लॉग वाचाला बूड लागते." लिहायचा पण कशावर? दुधाच्या कॅनला झाकण बसताना होणारा आवाज. लातूरच्या स्टँडवर झोपलेल्या माणसांच्या चपला. आमच्या गावातल्या कोणत्या घराचं दार कसं करकरतं. सगळं त्याच्या त्या तिकडच्या बोलीत, "मी बसून राहिलो, ते बोलून राहिले" असं. त्याचा एक वाचक दुबईत होता, उदगीरचा. तो प्रत्येक लेखाखाली एवढंच लिहायचा, "जेवलास का?" भाचा त्याला न चुकता काय जेवला ते कळवायचा.

भिंतींचं वेड सगळ्यात अवघड. लातूरला क्लासेसच्या भागात जिकडंतिकडं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेले असतात. त्या फोटोंच्या गर्दीतली एक मोकळी भिंत त्यानं मालकाकडून मागून घेतली आणि त्यावर काय काढावं? धपाटं. केवढं तरी मोठं, खरपूस डाग पडलेलं, बाजूला दह्याची वाटी. खाली एक अक्षर नाही. मी म्हटलं, हे काय येडेपण? मग एकदा संध्याकाळी तिथनं जाताना पाहिलं. हॉस्टेलची पोरं-पोरी त्या धपाट्यासमोर उभी राहून घरी फोन लावत होती. एक पोरगा तर भिंतीकडं बघत "माय, माय" करत रडत होता. मी बसस्टँडपर्यंत चालत आले. माणसाला नेमकं काय लागतं हे ह्याला कसं कळतं, हा विचार काही केल्या जाईना.

आता माझं सांगते, कारण त्याची खरी ओळख मला माझ्यामुळंच झाली.

मी लातूरला बारावी सायन्सला होते. आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यापासून आत. सकाळी चालत फाट्यावर यायचं आणि सातची एसटी धरायची. धरायची म्हणजे काय, हात करायचा आणि ती निघून गेलेली बघायची. फाट्यावर एक पडका निवारा, थांब्याची पाटी कधीच गंजून पडलेली. ड्रायव्हर माझ्याकडं बघायचा, गळ्यातली बॅग बघायचा आणि गाडी दामटायचा. कधी थांबलीच तर कंडक्टर तोंड वाकडं करायचा. मागून काळीपिवळी जीप मिळायची, तिच्यात लोंबकळत पोचेपर्यंत प्रॅक्टिकल संपलेलं असायचं. मग घरी परत.

आप्पांना सांगितलं तर त्यांना पटेना. "सरकारी गाडी हाय. थांबा हाय. म्या हात केला आन् गाडी थांबली न्हाई, आसं आजवर झालं न्हाई. तूच उशिरा जातीस." ते सकाळची लाइट सोडून फाट्यावर येणार कसे? गिरणी म्हणजे त्यांचा जीव. एखादं गिऱ्हाईक जरी परत गेलं तरी त्यांना जेवण जायचं नाही. त्यातून गावात दुसरी चक्की निघालेली, तिच्या मालकाशी त्यांचं तोंडाला तोंड लागायचं.

त्यात कॉलेजनं नवीन सोय केली. मुलगी गैरहजर असली की बापाच्या मोबाइलवर मेसेज. पहिले काही मेसेज आप्पांनी पाहिलेच नाहीत. मग एका संध्याकाळी गिरणीवर कुणीतरी वाचून दाखवले. आप्पा घरी आले, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया तशाच, आणि मला म्हणाले, "घरून तर रोज निघतीस. मग जातीस कुठं?"

बाई गं! अंगावर गरम पाणी पडल्यागत झालं. मारलं असतं तर परवडलं असतं. मी ओरडले, रडले, भांडी आपटली. आप्पा एवढंच बोलले, "आता आनखी एक मेसेज आला का कॉलेज बंद. नांदेडच्या आत्यानं स्थळ बघून ठिवलंय. परीक्षा बिरीक्षा कुठली न्हाई." माय भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर भाचा होता. दुधाचा टेम्पो त्यानं मुद्दाम सोडला होता की काय, देव जाणे. गाडी गेली. मी तिच्या नावानं मोठ्यानं शिव्या घातल्या. त्यानं शांतपणे विचारलं, "तुह्याकडं पास हाय ना? फुकटचा?"

"हाय. मुलींना असतोच."

"बायांना अर्धं. पंच्याहत्तरच्या वर फुकट. म्हंजे पूर्ण तिकिटाचा राहिला कोण? गडीमाणूस. पिशवीवाला." तो निवाऱ्याच्या भिंतीकडं वळला, तिच्यावर हात फिरवला, पोपडे काढले. "गर्दी लागते इथं," म्हणाला.

आणि त्या दिवसापासून त्यानं त्या भिंतीवर माणसं काढायला घेतली. खऱ्या उंचीची, रस्त्याकडं तोंड करून गाडीची वाट बघणारी, हातात पिशव्या, काखेत छत्री. सगळी पूर्ण तिकिटाची! गावात नुसता कल्ला झाला. पण मनानं चित्र काढणं त्याला मान्य नव्हतं. ज्याचं काढायचं तो माणूस समोर पाहिजे, जागेवर पाहिजे, आणि वेळ ठरलेली. "सकाळी सात. तवाचं ऊन मला लागते," म्हणायचा. तो एकटा गडी भिंतीपाशी हात न करता उभा असायचा, गाडी त्याच्याही समोरून निघून जायची, आणि मी काळीपिवळीनं उशिरा पोचून, हजेरीच्या मॅडमच्या हातापाया पडून कसाबसा मेसेज टाळायचे.

पहिले उभे राहिले त्याचे मामा. मग बौद्धवाड्यातले लाइनमन काका. ते रिटायर झाले होते तरी खिशात टेस्टर ठेवायचे, म्हणून चित्रातही टेस्टर आला. मामांच्या आणि काकांच्या खांद्याला खांदा लागलेला बघून गावात थोडी कुजबुज झाली. भाचा म्हणाला, "गाडीत जवळजवळ बसता ना? मंग फाट्यावर काहून लांब उभं राहता?" कुजबुज थांबली. नंतर म्हातारे गुरुजी स्वतःहून आले. भाच्यानं त्यांना निरखून बघितलं. "गुरुजी, तुमचं तिकीट फुकट हाय." गुरुजींना एवढा राग आला! शेवटी त्यांचे केस काळे करून त्यांना पूर्ण तिकिटात बसवलं, तेव्हा म्हातारा खूश. आणि मग चक्कीवाला आला, आप्पांचा दुश्मन. त्याला भाच्यानं अशा झोकदार मिशा दिल्या की तो रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून स्वतःलाच बघायला जायचा.

प्रत्येकाचं चित्र झालं की ब्लॉगवर त्याच्यावर चार ओळी. "इंटरनेटवर आलोय" म्हणून माणूस गावभर सांगत सुटायचा.

आता गंमत ऐका. भिंत जवळजवळ भरली त्या सकाळी मी फाट्यावर एकटीच होते. लांबून गाडी दिसली. मी हात केला आणि काय सांगू, गाडीचा वेग कमी झाला! कचकन ब्रेक. दार उघडलं, कंडक्टर पायरीवर येऊन ओरडला, "चला चला, पटापट! आतमधी सरकत जावा!" मी चढले. तो बाकीच्यांची वाट बघतोय. "आवो, छत्रीवाले पाव्हणं, यायचं का न्हाई?" पाव्हणं काही हलेनात. मग त्यानं डोळे बारीक केले, खाली उतरला, भिंतीला बोट लावून बघितलं आणि जी शिवी हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही. गाडीतली माणसं पोट धरून हसायला लागली. मी पास दाखवला. त्या दिवशी प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या आधी मी.

पुढचे काही दिवस असेच गेले. ड्रायव्हर बदलला की नवीन माणूस फसायचा. पण डेपोत बातमी किती दिवस लपणार? हळूहळू सगळ्यांना कळलं, आणि मग आणखीच वाईट झालं. आता फाट्यावर खरी माणसं उभी असली तरी ड्रायव्हरला ती चित्रंच वाटायची. गाडी वेग कमी करण्याचं नाव घेईना.

मी भाच्यावर भडकले. "झालं समाधान? चित्रं काढून काय मिळालं? एक मेसेज आला की माझं लगीन लागतंय, कळतंय का तुला? त्यापेक्षा आप्पांना जाऊन सांग की खरं काय ते."

तो ब्रश पुसत होता. "म्या सांगू? गिटारवाला पोट्टा तुह्या बाजूनं बोलाला आला, तर तुहं कॉलेज आजच बंद होईल."

ते खरंच होतं.

"आनखी एक जण राहिला," तो म्हणाला. "तेवढा होऊ दे."

आता तो कुठं असतो, असं मला इथं नांदेडला हॉस्टेलवर मैत्रिणी विचारतात. मी त्यांना त्याच्या एवढ्या गोष्टी सांगितल्यात की त्यांना तो मी रचलेला वाटतो. बी.ए.चं शेवटचं वर्ष त्यानं दोनदा दिलं. सध्या इस्लापूरकडं असतो, शाळांच्या भिंती रंगवतो, पोरांना गिटार शिकवतो. मध्ये माहूरच्या यात्रेत एका नारळवाल्याच्या दुकानावर नारळाचे चेहरे काढले म्हणे, प्रत्येक नारळ वेगळ्या स्वभावाचा. ब्लॉग चालू आहे. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात एखादा पेशंट काही केल्या बोलत नाही, तेव्हा मला हमखास तो आठवतो, आणि मी पेशंटला काही सांगायच्या आधी त्याच्याजवळ नुसती उभी राहते.

तर, राहिलेला एक जण.

भाचा गिरणीवर गेला. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "मामा, भाचा आलाय."

आप्पा म्हणाले, "दिसलं. रंग न्हाई माझ्याकडं."

"रंग नको. तुमी पाहिजे. फाट्यावर सगळं गाव उभं हाय आन् गिरणीवाले मामा न्हाईत. लोक इचारून राहिले."

"मला टाइम न्हाई."

"चक्कीवाल्याला होता," भाचा म्हणाला. "मिशा बघितल्या का तुमी त्याच्या?"

मोटर घुमत राहिली. मग आप्पांनी खाकरून विचारलं, "किती टाइम लागंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्याबरोबर निघाले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, हातात नवीन पिशवी. भाच्यानं त्यांना भिंतीच्या कडेला, मोकळ्या जागेत उभं केलं आणि बजावलं, "हालू नका बरं का मामा. नाक लय अवघड हाय तुमचं." आप्पा श्वास रोखून उभे राहिले. मी रस्त्याच्या कडेला, नेहमीच्या जागी. आज गाडी थांबली तर आप्पांना वाटणार, पोरगी खोटं बोलत होती. नाही थांबली तर म्हणणार, तूच नीट हात केला नाहीस, आणि वर मेसेज जाणार. दोन्हीकडून मीच मरणार होते.

गाडी आली. मी हात केला. नुसता नाही, ओढणी काढून हलवली, रस्त्यात दोन पावलं आत गेले. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, चक्क हसला, आणि गेला. धूळ सगळी माझ्या तोंडावर.

मागं वळून बघायची माझी हिंमत होईना.

पिशवी पडल्याचा आवाज आला. आप्पा हलले होते. रस्त्याच्या मधोमध येऊन गेलेल्या गाडीकडं बघत उभे होते. भाचा त्यांना हालू नका म्हणाला नाही. त्यानं ब्रश खाली ठेवला होता.

"रोज आसंच?" आप्पांनी मला विचारलं.

"हाव."

"रोज?"

मी मान हलवली.

मग ते भाच्याकडं वळले. "तुला ठावं हुतं?"

"सगळ्यांना ठावं हाय, मामा. जे जे इथं उभे राहिले त्या समद्यांना. पर दुसऱ्याच्या लेकीचं तुमच्यापाशी कोन बोलंल?" जरा थांबून तो म्हणाला, "आन् म्या बोललो आसतो तर तुमी ऐकलं आसतं?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी सातचं ऊन म्हणे! त्याला ऊन कधीच नको होतं. एकेका गड्याला आणून त्यानं मी रोज जिथं उभी असते तिथं, त्याच वेळेला, तोंड बंद करून उभं केलं होतं. चित्रं चांगली निघाली हे वेगळंच. मी त्याच्याकडं बघितलं तर तो खाली वाकून आप्पांची पडलेली पिशवी झटकत होता. सांगते ना, त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट होती आणि आमची गिरणी बंद होती. आप्पा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागं मामा, लाइनमन काका, काठी टेकत गुरुजी, आणि मिशीवाला चक्कीवाला, आप्पांच्या अगदी शेजारी. ड्रायव्हरनं लांबून हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. त्यानं परत वाजवला. मग लाइनमन काकांनी सावकाश हात वर केला आणि हलवला. गाडी अशी थांबली की आतली माणसं पुढं आदळली.

कंडक्टर उतरला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "कुठं जायचंय?"

"लेकीला जायचंय," आप्पा म्हणाले. "आन् तिकीट पाहिजे आसंल तर माझं फाडा. पूर्ण."

आप्पा माझ्याबरोबर लातूरपर्यंत आले. कॉलेजचं फाटक त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. चपला बाहेर काढायला लागले, तर मी त्यांना अडवलं. ऑफिसात हजेरीच्या मॅडम होत्या. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मी मागं उभी, मॅडमना वाटलं बाप माफी मागायला आलाय.

"ते मेसेज मला येत्यात," आप्पा म्हणाले. "तुमी पाठवा, तुमचं काम हाय. पर ही रोज घरून निघत हुती. गाडी थांबत न्हवती. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."